दाजी चढाई शिकले तेव्हा

मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे, मित्रांनो. लाकडी आहे, एका कोपऱ्याला किंचित वाकलेला आहे आणि सध्या एका कुलूपवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर पडून असतो. माझ्या पाठीवर किल्ल्यांचे दोन जड डबे ठेवलेले आहेत. तक्रार म्हणून सांगत नाही. पण माझी हकीकत ऐकायला बसलाच आहात, तर मी कुठून बोलतो आहे ते तुम्हाला ठाऊक असावे.

मला एका चित्रकलेच्या मास्तरांनी बनवले. तेव्हा ते नुकतेच शाळेत लागले होते. थोरल्या बहिणीच्या लग्नात काय द्यावे, हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी सुताराकडून दाराची उरलेली फळी आणली, ती आठ दिवस घासली, पट्टी धरून चौसष्ट घरे आखली आणि त्यांतली निम्मी काळ्या रंगाने भरली. एका घराचा रंग रेषेबाहेर गेला आहे. ते मास्तरांनी कधीच मान्य केले नाही. मला नवरदेवाच्या, म्हणजे त्या कुलूपवाल्याच्या हातात देताना ते म्हणाले, "दाजी, भेट ताईला आहे. पण खेळायचं आपण."

आणि ते खेळले. सव्वीस वर्षे. गुरुवारी दुकान बंद असे. चारच्या सुमारास मास्तर येत आणि नीट बसायच्या आधीच मोहरे मांडायला घेत. मास्तर चढाई करणारे. दाजींचा खेळ मात्र त्यांच्या धंद्यासारखा होता. राजाला कोपऱ्यात न्यायचे, पुढे तीन प्यादी उभी करायची आणि सगळीकडून बंद करून घ्यायचे.

"आज पण आतून कडी लावून घेतलीत?" मास्तर विचारत.

"तुम्ही उभे राहा बाहेर," दाजी म्हणत.

दोन तासांनी मास्तर कुठून तरी आत शिरलेले असत. ताई हसत आणि चहाचे कप माझ्याच कडेवर टेकवत. त्यांचे गोल डाग अजून माझ्या अंगावर आहेत.

मग ताई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मास्तर चार वाजता नेहमीसारखे आले. ताईंबद्दल दोघांपैकी कोणीही एक अक्षर बोलले नाही. दाजींनी मला खाली काढले आणि ते खेळले. या दोन माणसांना एका खोलीत बसायला माझ्यावाचून दुसरे निमित्त उरले नाही, हे मला त्या दिवशी कळले.

दाजींची मुलगी दुसऱ्या गावी परिचारिका आहे. पुढच्या वर्षी ती सुट्टीला आली, तेव्हा तिने वडिलांना लागोपाठ तीन डाव हरताना पाहिले. मामा घरी गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं वाचवत बसता. मारायला कधी जाताच नाही."

तिने दाजींच्या फोनवर चढाईचे चोवीस धडे शोधून दिले. शिकवणाऱ्या एक बाई होत्या. "मामाला सांगू नका हं," मुलगी म्हणाली. "एकदम चकित करा."

तेव्हापासून रोज दुपारी, जेवण झाले की दाजी दुकानाचे दार अर्धे ओढून घेत, फोन किल्ल्यांच्या डब्याला टेकवून ठेवत आणि मला पुढ्यात घेत. बाई सावकाश बोलत. मध्येच म्हणत, "आता इथे थांबवा आणि खेळी तुम्ही शोधा." दाजी कानशीच्या भुकटीने काळवंडलेल्या अंगठ्याने त्यांना थांबवत. कधी कधी बाई अर्धा अर्धा तास तशाच तोंड उघडे ठेवून थांबत.

सगळ्यांत अवघड गेला तो सातवा धडा. त्यात राजापुढचे प्यादे फोडायला घोडा देऊन टाकायचा होता. दाजींनी घोडा पुढे ठेवला आणि परत घेतला. असे तीनदा झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू जपायची कुलपे बसवली, त्या हाताला घोडा सोडवेना. बाई म्हणाल्या, "गेलेल्या मोहऱ्याकडे बघू नका. वाट कुठली मोकळी झाली ते बघा." चौथ्यांदा दाजींनी घोडा तिथेच राहू दिला. ताई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एवढी जाग मी पाहिली नव्हती. मलाही, खरे सांगतो, तरुण झाल्यासारखे वाटत होते.

सुरुवातीचे चार गुरुवार दाजी सपाटून हरले. पाचव्या गुरुवारी त्यांनी मास्तरांच्या राजाला एकोणीस खेळ्यांत मात दिली.

"हे कुठं शिकलात?" मास्तरांनी विचारले.

"असंच," दाजी म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर दाजी दर गुरुवारी जिंकू लागले. मित्रांनो, मी पट. माझ्यावर फिरणारे हात मी अगदी जवळून बघतो. मास्तरांचा हात आता मोहऱ्यावर येऊन तसाच थांबत असे. एकदा त्यांनी उंट घोड्यासारखा अडीच घरे नेला. दाजी हसले, तसे तेही हसले. "कोणाची खेळी?" हे ते एका डावात चार चार वेळा विचारू लागले. एकदा तर बुधवारीच आले. दुकानात गिऱ्हाईक उभे होते.

"मास्तर, आज बुधवार."

"मग? बुधवारी हरायला बंदी आहे का?" मास्तर म्हणाले, आणि गिऱ्हाईकसुद्धा हसले.

दाजींना काही वेगळे वाटले नाही. ते धडे मोजत होते. चोविसावा पुरा झाला होता, आणि त्यात वजीर द्यायला शिकवले होते.

त्या गुरुवारी दाजींनी वजीर दिला. मास्तरांनी तो मारून बाजूला ठेवला. आता हत्ती एका घराने पुढे सरकला की मात होती. दाजींनी हत्तीला हात घातला. मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"दाजी, तुमचा वजीर कुठं गेला?"

"तुम्हीच तर आत्ता मारलात."

"हो का," मास्तर म्हणाले. मग आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "ताईला सांगा, माझ्या चहात साखर जरा कमी घाल म्हणावं."

दाजींच्या हातातला हत्ती तसाच राहिला. मग त्यांनी तो होता त्याच घरात ठेवला. "सांगतो," ते म्हणाले आणि आत जाऊन स्वतः चहा करून आणला. साखर कमी घातली.

सहाला मास्तरांची बायको त्यांना न्यायला आली. मास्तर मोरीत कप विसळत होते. ती दारातच, दबक्या आवाजात बोलली. "सहा महिने झाले, दाजी. डॉक्टरांना दाखवलंय. हेच म्हणाले होते, तुम्हाला सांगू नको."

"मला का नाही?"

"म्हणाले, दाजींना कळलं तर ते मुद्दाम हरतील."

ती दोघे गेल्यावर दाजींनी मुलीला फोन लावला. सगळे सांगून झाले. मग म्हणाले, "मला वाटलं, मला यायला लागलं."

पुढच्या गुरुवारी दाजींनी मुद्दाम हत्ती मारात ठेवला. मास्तरांची नजर त्या दिवशी स्वच्छ होती. त्यांनी हत्ती उचलला नाही. "असं खेळायचं असेल, तर मी येतो कशाला?" एवढेच ते म्हणाले. दाजींनी मान खाली घातली आणि हत्ती मागे घेतला. मग शिकले होते ते सगळे पणाला लावून त्यांनी मास्तरांवर चढाई केली आणि मात दिली. मास्तर त्या दिवशी खूश होऊन गेले.

असे अकरा गुरुवार चालले. डाव आखूड होत गेले. शेवटच्या गुरुवारी मास्तरांनी काळा राजा तळहातावर घेतला आणि विचारले, "हा कोण?"

"राजा."

"छान कोरलाय," मास्तर म्हणाले आणि तो खिशात ठेवून घरी गेले. दाजींनी तो मागितला नाही. पुढच्याच आठवड्यात मास्तरांचा मुलगा आईवडिलांना आपल्या गावी घेऊन गेला. मला कपाटावर ठेवले गेले, ते आजपर्यंत. दाजी गुरुवारीही दुकान उघडतात. त्या बाईंचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पट तुमच्याही घरी असेल. त्याला ओल लागू देऊ नका, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. चढाई जरूर शिका, ती सुंदर असते. पण कोणी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तुमच्याकडे येत असेल, तर आधी त्याला बसू द्या. पाणी द्या, बरे आहे ना ते विचारा आणि तो काय सांगतो ते ऐकून घ्या. पट पाच मिनिटे उशिरा मांडला तरी चालतो.