सातव्यापर्यंतचे लोक

ओसूच्या बाजारात, कान्नोनच्या देवळामागच्या गल्लीत, एका जुन्या कॉफीच्या दुकानाच्या माळ्यावर महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी चार शहाणे जमत. चौघांचीही चाळिशी उलटलेली, चौघांनाही घरी कोणी फारसं विचारत नसे, आणि चौघांचंही एका बाबतीत एकमत होतं: 'बाकेमारू' संपला.

बाकेमारू म्हणजे गेम. रानात हिंडायचं, राक्षस गाठायचा, त्याला दमवायचं आणि भोपळ्यात कोंडायचं. तीस वर्षं पोरं हेच करत आली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना टक्कल पडलं तरी त्यांचं चालूच आहे. पहिल्या भागात राक्षस होते शंभर-सव्वाशे. आता अकरावा भाग आलाय आणि राक्षस हजारावर गेलेत. या चौघांच्या मते सातव्या भागानंतर कंपनीने जे काही विकलं तो निव्वळ कचरा. म्हणून मंडळाचं नावच त्यांनी 'सातव्यापर्यंत' ठेवलं होतं, आणि नियमही तोच: आठव्यापासून पुढचं काही हातात धरायचं नाही. वर्षातून एकदा हे मंडळ एक पुस्तिका छापून जत्रेत विकायला बसे. गेमचा ऱ्हास कुठे सुरू झाला, किती झाला, अजून किती व्हायचा बाकी आहे, हे सगळं तिच्यात मोजून-मापून दिलेलं असे. न खेळता. "साप विषारी आहे हे कळायला चावून घ्यावं लागत नाही," हे निवासानचं ठरलेलं वाक्य.

हे निवासान म्हणजे माध्यमिक शाळेतले गणिताचे मास्तर. बोलताना समोरच्याचा पेपर तपासत असल्यासारखे बोलत आणि बहुतेकांना नापास करत. दोबाशीसान या बाईंचं इमाइकेला औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना गोळ्या देऊन उरलेला कडूपणा त्या रविवारी घेऊन येत. तिसरा इसोगाई. तो एका कंपनीत नळ आणि न्हाणीघराच्या टाक्या विकायचा. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा तिथे त्याला कामं सांगायचा. पण इथे, या माळ्यावर, तो अध्यक्ष होता. जगात दुसऱ्या कशाचा तो अध्यक्ष असण्याची शक्यता नव्हती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चौथा उमेमुरा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पुस्तिकेची चित्रं काढायचा. तो आणि इसोगाई चौथीपासून एका बाकावरचे.

मे महिन्यातल्या त्या रविवारी कॉफी आली, टोस्ट आले, उकडलेली अंडी आली. दोबाशीसाननी टोस्टवर अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण फासायला घेतलं आणि इसोगाईने अकराव्या भागावर तोंड सोडलं.

"रस्ता खणताना लाल शंकू ठेवतात ना? त्याला म्हणे दोन डोळे लावले. झाला राक्षस! अरे, उद्या पायपुसणं आणतील."

"त्याच्यापेक्षा ती किटली," दोबाशीसान म्हणाल्या. "चिडली की म्हणे झाकण उडवते, आणि थोपटली की वाफ सोडते. हे काय चित्र झालं? चित्रकाराची बोटं झडली का?"

"आणि रानात वाट चुकायची सोय नाही," निवासान म्हणाले. "पावलोपावली बाण. पोरांना बोटाला धरून नेतात. आपल्या वेळी ती काळी गुहा होती. तीन-तीन दिवस माणूस बाहेर पडत नसे. त्याला गेम म्हणतात."

उमेमुरा इतका वेळ अंडं सोलत होता. त्याने हात पुसले, पिशवीतून खेळायचं यंत्र काढलं आणि राजरोस टोस्टशेजारी ठेवलं.

"हे काय?" दोबाशीसाननी विचारलं.

"अकरावा. मी खेळलो. पुरा केला. शेवटी थोडा रडलोसुद्धा."

निवासान हसले. वर्गात एखाद्याने भलतंच उत्तर दिलं की ते असेच हसत.

"रडलात? का, पैसे गेले म्हणून?"

"नाही हो. छान आहे म्हणून." उमेमुरा इसोगाईकडे वळला. "इसो, त्या काळ्या गुहेचं खरं सांगू? ती अवघड नव्हती. आपल्या यंत्राला उजेड नव्हता. तू आणि मी औषधाच्या दुकानाच्या दिव्यांच्या पाटीखाली उभे राहून खेळायचो, आठवतं? वाट समोर होती, आपल्याला दिसत नव्हती एवढंच. त्याचं आपण तीस वर्षं कौतुक करतोय."

इसोगाईला आठवत होतं. हसायलाही येत होतं. पण दोबाशीसान त्याच्याकडे बघत होत्या, निवासान बघत होते, आणि अध्यक्षाने काही तरी बोलायला हवं होतं.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

"अरे, कोणी केला नियम? आपणच ना? बदलू या की."

"म्हणजे कंपनीने वाटेल ते विकावं आणि आपण लाळ गाळत घ्यावं?" दोबाशीसान कडाडल्या. "तुमच्यासारख्या लोकांमुळे त्यांचं फावतं, उमेमुरासान. वाईट गेम काढणाऱ्यापेक्षा तो गोड मानून घेणारा जास्त वाईट."

"खेळून बघा, मग शिव्या द्या. मीसुद्धा देईन तुमच्याबरोबर. झाडं लांबून एकदम उगवतात, ते मला पण आवडत नाही."

"आम्ही असलं हातात धरत नाही," निवासान म्हणाले. "इसोगाईसान, अध्यक्ष म्हणून तुम्ही सांगा. हे गृहस्थ मंडळात राहतात की जातात?"

इसोगाईने कॉफीचा घोट घेतला. कॉफी केव्हाच निवली होती. चौथीपासूनचा मित्र समोर बसला होता. "बाबांनो, पुरे झालं, टोस्ट खा," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तेवढ्याने खुर्ची हलली असती.

"उमेमुरा," तो टोस्टकडे बघत म्हणाला, "काही दिवस तू नाही आलास तर बरं होईल."

तेवढ्यात टेबलावरच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकला. उमेमुराने ते उचललं, उघडलं आणि काही तरी वाचलं. मग मान वर करून त्याने आधी दोबाशीसानकडे, मग निवासानकडे आणि सगळ्यात शेवटी इसोगाईकडे पाहिलं. इसोगाईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"असं आहे होय," तो म्हणाला. त्याने यंत्र पिशवीत टाकलं, आपल्या कॉफीचे पैसे ठेवले आणि जिना उतरून गेला.

"बघा, बोलता बोलता खेळतोय! लाज म्हणून नाही," दोबाशीसान म्हणाल्या.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. इसोगाईच्या पिशवीत, डब्याच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेला अकरावा भाग होता. तो त्याने पहिल्याच दिवशी घेतला होता, आणि ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून थेट गिफूला जाऊन घेतला होता. रोज कामावर जाताना, येताना, जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून तो खेळायचा. लाल शंकूवर तर त्याचा इतका जीव जडला होता की प्रत्येक लढाईत तो त्यालाच पुढे करी. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातला प्रकार. त्यात त्याला काही वावगंही वाटत नसे. शिव्या मंडळापुरत्या, आवड घरापुरती, असा त्याने हिशोब बसवला होता.

सभा संपली. कामिमाएझूच्या स्टेशनात बाकावर बसून त्याने यंत्र बाहेर काढलं. त्याचाही हिरवा दिवा लुकलुकत होता.

अकराव्या भागात 'वाटभेट' नावाची एक सोय आहे. यंत्र पिशवीत निजवून ठेवलं तरी ते आत जागंच असतं, आणि दहा-पंधरा पावलांत तोच गेम घेतलेलं दुसरं कोणी आलं की दोन्ही यंत्रं आपापसात रामराम करून मोकळी होतात. मग तुमच्या गावातल्या धर्मशाळेत तो माणूस पाहुणा म्हणून येऊन बसतो, त्याचा लाडका राक्षस आणि एका ओळीचा निरोप घेऊन. गर्दीच्या स्टेशनात इसोगाईला असे पाहुणे नेहमी मिळत. पण सकाळी येताना त्याने धर्मशाळा रिकामी केली होती, आणि या बाकाच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. माळ्यावरही चौघांखेरीज कोणी नव्हतं.

धर्मशाळेत तीन पाहुणे बसले होते.

एक 'उमे'. तो तर उघडाच होता. दुसऱ्याचं नाव 'कडूगोळी', आणि त्याच्या मांडीवर किटली. तिला गवताची टोपी घातलेली, टोपीला रिबीन. निरोप होता, 'माझ्या सोनुलीला हसू नका.' तिसरा 'वर्गमूळ'. त्याने इसोगाईच्या दुप्पट तास खेळून काढले होते, आणि त्याचा निरोप होता, 'पेपर तपासून झाले की रात्रभर आहेच.'

इसोगाई मोठ्याने हसला. ढोंगी लेकाचे! किटली थोपटली की वाफ सोडते, हे न थोपटता कसं कळलं बाईंना? लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! त्याला इतका आनंद झाला की दोन गाड्या त्याने तशाच जाऊ दिल्या.

मग हसू आटलं. भेट एकतर्फी होत नसते. किटलीवाली आपल्याकडे आली तसा आपला शंकूही तिच्याकडे गेला असणार. निवासानकडे गेला असणार. आणि उमेमुराकडे. 'नळवाला' हे नाव, मांडीवर शंकू, 'आज आंघोळ केली का?' हा वेडगळ निरोप. उमेमुराने टेबलावर वाचलं ते हेच. तिघांचं बिंग त्याच्या तळहातावर होतं. नुसतं यंत्र फिरवून दाखवलं असतं तर त्या माळ्यावर कोणाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याने ते पिशवीत टाकलं आणि कॉफीचे पैसे देऊन गेला. इसोगाईला लाज वाटली. इतकी की त्याने आजूबाजूला पाहून घेतलं.

महिनाभरात त्याने उमेमुराला फोन करायचं पुष्कळदा ठरवलं. केला नाही. काय बोलणार? 'मीही खेळतो' म्हणावं तर ते त्याला ठाऊक होतं. 'चुकलो' म्हणायला जीभ उचलत नव्हती. शेवटी त्याला वाटलं, पुढच्या सभेत आपोआप सुटेल सगळं. तिघांनाही तिघांचं कळलंय. कोणी तरी हसेल, मग सगळेच हसतील, आणि कोणी तरी म्हणेल, "अहो, बोलवा त्या उमेमुराला." ते म्हणणारा आपण नसू तर फारच उत्तम. तरीही हातभार म्हणून त्याने यंत्रातला निरोप बदलला. 'उमेमुराला परत बोलावू या,' असं लिहिलं आणि फार मोठं धाडस केल्यासारखा दोन दिवस छाती काढून हिंडला.

जूनच्या सभेला तो सगळ्यात आधी पोचला. पिशवी त्याने टेबलाखाली अगदी मधोमध, पायांपाशी ठेवली. निवासान आले. दोबाशीसान आल्या आणि उमेमुराच्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली.

कोणी हसलं नाही. निवासाननी अकराव्या भागातल्या बाणांचा उद्धार केला, तो मागच्यापेक्षा जोरात. किटलीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. शंकूबद्दलही नाही. टोस्ट संपत आले तसा इसोगाई उठला, पिशवी घेऊन खालच्या संडासात गेला आणि कडी लावून त्याने यंत्र उघडलं.

दिवा लागलेला नव्हता. धर्मशाळा रिकामी होती.

दोघंही यंत्र बंद करून आले होते. नाहीतर घरी ठेवून. एकमेकांना काही न विचारता, न सांगता, दोघांनी तेच केलं होतं. मंडळात इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

तो वर आला. बसला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, तोंडाने म्हणाला, "उमेमुराला बोलवायचं का परत?"

दोबाशीसाननी चमचा बशीत ठेवला.

"नको," निवासान म्हणाले. त्यांचा मास्तरी आवाज कुठे तरी गेला होता. "नको हो, इसोगाईसान. तो आला की बोलणार."

"काय बोलणार?"

दोबाशीसान खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं समोरच्या दुकानाचं शटर होतं.

"पुस्तिकेचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "चित्रं नसली तर नसू देत. प्रस्तावना अध्यक्षांचीच. सांगा तुम्ही, मी लिहून घेते."

इसोगाईने दोघांकडे पाहिलं. दोघंही त्याच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर हुकूम नव्हता, धमकीही नव्हती. अजीजी होती. ती बघून त्याला त्यांची किळस आली. आणि आपल्याशिवाय यांचं चालणार नाही म्हणून बरंही वाटलं.

"लिहा," तो म्हणाला. "अकरावा भाग आमच्यापैकी कोणीही खेळलेला नाही."

दोबाशीसाननी लिहिलं. निवासाननी कागद आपल्याकडे ओढला, एकदा वाचला, आणि खिशातलं पेन काढून 'कोणीही'च्या खाली रेघ मारली.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पुढे?"