दुसरा पाटा

"अब्बा, वाजवून बघितले?"

सबाने शेडच्या दारातूनच विचारले. अमीनने वर पाहिले नाही. जीपच्या मागच्या उजव्या बाजूला उकिडवा बसून तो नट आवळत होता. चाक काढून भिंतीला टेकवले होते, गाडी लोखंडी घोड्यांवर उभी होती, आणि ग्रीस माखलेले सहा पाटे एकावर एक चढून जागेवर गेलेसुद्धा होते.

सबा आत आली. खांद्यावर तिची लेक छोटी रडून रडून झोपलेली; दंडाला इंजेक्शनच्या जागी अजून कापूस चिकटलेला. एका हाताने डब्याची पिशवी खाली ठेवत ती बापाच्या समोर, ओठ नीट दिसतील अशी बसली. "पाटे वाजवले का?"

"वाजवले की," अमीन म्हणाला आणि पाना फिरवत राहिला.

हे अर्धेच खरे होते. वाजवले असतील, पण ऐकले कोणी?

आळंदी रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या जीपचे पाटे बसवण्यात अमीनची चाळीस वर्षे गेली होती. गाडीचे सगळे ओझे पेलणाऱ्या पोलादाच्या त्या वाकड्या पट्ट्या. खड्डे खाऊन खाऊन सपाट झाल्या की सोडवायच्या, एकेक ठोकून पुन्हा कमान द्यायची. हे काम करणारे पुण्यात बरेच आहेत. अमीनचे नाव झाले ते त्याच्या कानामुळे. जुना पाटा तारेला टांगून तो हातोडीचा एकच टोला मारी. धड पाटा पितळी ताटासारखा घुमत राही. आत तडा असला तर बद्द वाजे, भरल्या माठावर टिचकी मारावी तसा. डोळ्याला न दिसणारा तडा अमीनला ऐकू येई, आणि जीपचे शौकीन लांबच्या मांजरी गावाहून येऊन ते बघत उभे राहत.

त्याच टोल्यांनी त्याचे कान खाल्ले. आधी डावा, मग उजवा. घरात फक्त त्याच्या बायकोला, परवीनला ठाऊक होते. ती गेली, दुपारचा डबा सबा आणू लागली, आणि महिनाभरातच सबाला कळले. "मशीन बसवू या ना अब्बा," ती म्हणाली होती. "कानात मशीन घातलेल्या पाटेवाल्याकडे कोण येणार?" त्याने विचारले.

मग बापलेकीने एक रीत पाडली. अमीनने पाटा टांगायचा, सबा डबा घेऊन आली की मगच टोला मारायचा. ती कोपऱ्यात छोटीला मांडीवर घेऊन बसे. पाटा चांगला वाजला तर ती मान वर करत नसे. बद्द वाजला तर थर्मास उघडून कपात चहा ओतायला लागे. अमीन तो पाटा बाजूला फेकी आणि गिऱ्हाइकाला सांगे, "हा गेला, साहेब." गिऱ्हाईक मान डोलवी. वर त्याला चहाही मिळे.

आज दवाखान्यात लसीची रांग हलतच नव्हती. सबाने दोनदा फोन केला, पण तो फोन शेडमध्ये वाजत राहिला असणार, एवढेच.

"झालं का चाचा?" बाहेर मोबाईलवर बोलत फिरणारा केदार आत डोकावला. तिशी-पस्तिशीचा, हिंजवडीत नोकरी, जीप मात्र त्याच्या जन्माच्या आधीची. "एकला देतो म्हणाला होतात. घड्याळ बंद पडलंय की आमचं पुढे पळतंय?"

अमीनने ओठ वाचले. "झालंच साहेब. चाक लावतो, खाली उतरवतो."

"उद्या सहाला निघायचंय. मुळशीकडचा चढ आहे, सगळा ग्रुप आहे. आणि यंदा बायको-पोरगीपण येतायत, त्यामुळे काही घोळ नको."

सबाने जीपमध्ये पाहिले. मागच्या सीटवर लहान मुलाची गुलाबी खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधलेली होती. खुर्चीच्या एका हातावर सशाचे स्टिकर.

तिने थर्मास काढला. झाकण फिरवले. कपात चहा ओतला आणि बापाच्या डोळ्यांपुढे धरला.

अमीनचा पाना थांबला. त्याला कळले होते. "नको," तो म्हणाला. "नंतर."

तिने त्याच्या कोपराला हात लावला. त्याने कोपर सोडवून घेतला आणि नजर नटावर खिळवली. न बघणे हेच आता त्याचे न ऐकणे होते. सबाला कानात सांगता आले असते तर किती बरे झाले असते. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला गुपितसुद्धा ओरडूनच सांगावे लागते.

तिने छोटीच्या उघड्या कानावर तळहात ठेवला.

"अब्बा, खोला ते! तुम्हाला ऐकू येत नाही, पाटे मी ऐकलेले नाहीत!"

छोटी दचकून जागी झाली. बाहेर बस निघून गेली. केदारने फोन खिशात ठेवला.

"म्हणजे?"

सबा छोटीला थोपटू लागली.

"चाचा, पाटे बसवणारे विश्रांतवाडीत चार जण आहेत," केदार सावकाश म्हणाला. "दोघं तर माझ्या सोसायटीच्या दारात. मी इथवर येतो ते तुमच्या कानासाठी."

अमीन गाडीकडेच बघत होता. मग त्याने नट उलटा फिरवायला सुरुवात केली.

पाटे सुटे करायला पाऊण तास गेला. त्याने ते एकेक पुसले. पहिला टांगला, टोला मारला. सबा खाली मान घालून बसून राहिली. दुसरा टांगला, टोला मारला.

या वेळी चहा ओतायची गरज नव्हती. केदारनेही ऐकले होते.

अमीनने त्या पाट्याला रॉकेल फासले, पुसून कोरडा केला, वर खडूची पूड भुरभुरवली. तड्यात मुरलेले रॉकेल पुडीत झिरपले, आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली. तो त्या रेघेवर वाकला.

"मी टोला मारून हात लावून बघितला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, हाताला कळेल."

केदारने रेघेचा फोटो काढला. उरलेले चारही पाटे टांगून वाजवले, ते धड निघाले. अमीनने दुसऱ्या संचातला एक पाटा काढून कमान जुळवली. तो वाजवताना त्याने उघडपणे लेकीकडे पाहिले. तिने मान हलवली. सगळे पुन्हा चढवले, चाक लावले, जीप खाली उतरवली. दोन्ही टोकांचे नट मात्र जीप जमिनीवर आपल्या वजनाने नीट बसल्यावरच त्याने शेवटचे आवळले, शिकला होता तसे. घाई केली नाही. मजुरी घेतली नाही. केदारने ठेवलेल्या नोटा त्याने गुलाबी खुर्चीवर ठेवून दिल्या.

"ताई, थँक यू," जाताना केदार म्हणाला. मनापासून म्हणाला.

त्याने तो रेघेचा फोटो जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळे खरे लिहिले: चाचांना ऐकू येत नाही, पण त्यांच्या मुलीने आमचा जीव वाचवला. लोकांनी सबासाठी हात जोडले, टाळ्या वाजवल्या. केदारने ते सगळे तिला पाठवले. तिने छोटीला पाजताना वाचले. पुढचा रविवार, एरवी गिऱ्हाइकांच्या गर्दीचा, कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. नाव चांगले झाले होते, फक्त जीप येत नव्हत्या.

तिसऱ्या रविवारी सबा डबा घेऊन गेली तेव्हा शेड झाडून लख्ख होती. अमीनने जुन्यातला एक चांगला पाटा तारेला टांगून ठेवला होता. तिला बघताच त्याने हातोडी घेतली आणि टोला मारला.

"वाजतोय?"

तिने मान हलवली.

"किती वेळ?"

ते शब्दांत कसे सांगायचे? तिने छोटीला डाव्या हातावर सरकवले आणि उजव्या हाताचे बोट वर केले. आवाज भरून होता तोवर बोट वर. मग तो पातळ होत गेला, तसे तिने बोट थोडे थोडे खाली आणले, अगदी सावकाश, शेवटचा धागा विरेपर्यंत.

अमीन डोळे न मिटता त्या बोटाकडे बघत होता. ते तिच्या मांडीवर टेकले, तेव्हा त्याने हातोडी पुन्हा उचलली.