आश्रुबाचा हललेला फोटो

मित्रांनो, हल्ली मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच बोलतो. वडवणीच्या बाजाररस्त्यावर बिभीषणचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली जो बोजड, पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर दिसतो ना, तोच मी. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते बीडहून एसटीने आलो तेव्हापासूनचं. मी बिभीषणच्या मांडीवर बसून आलो. मला सीटवर ठेवायची त्याची छातीच झाली नाही.

तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! दसऱ्याला माझी पूजा व्हायची. गळ्यात झेंडूची माळ आणि हळदकुंकू थेट कीबोर्डवर! मग दिवाळीपर्यंत बटणं अडकत राहायची आणि बिभीषण चिडचिड करायचा. पण खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

दसरा सरला की स्टुडिओ भरून जायचा. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं गाव सोडण्याआधी फोटो काढून घ्यायची. एक फोटो गावी राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ ठेवायचा, एक आपल्याबरोबर साखर कारखान्यावर न्यायचा. आश्रुबा आणि वत्सलाबाई दरवर्षी लेकीला, मंजुषाला, घेऊन येत. आश्रुबा कॅमेऱ्यापुढे असा ताठ उभा राहायचा की श्वास घेतोय की नाही अशी शंका यावी.

"दादा, हसा की जरा," बिभीषण म्हणायचा. "कावून भेता? कॅमेरा हाय, पोलीस न्हाई."

आश्रुबा अजूनच ताठ व्हायचा आणि वत्सलाबाई पदरात तोंड लपवून हसायच्या. हे सगळे फोटो माझ्या पोटात होते. मंजुषा माझ्यासमोरच फ्रॉकमधून साडीत आली म्हणा ना.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओ ओस पडला. बिभीषण बॅनरकडे वळला. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळ्यांना बॅनर हवा आणि प्रत्येकाला अक्षर निराळं हवं. बिभीषणला फॉन्टचा असा नाद लागला की जेवताना सुद्धा तो दुसऱ्याच्या बॅनरवरची वळणं न्याहाळायचा. एके दिवशी सुग्रीव नावाचं त्याचं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं. "ढीगभर फॉन्ट हायेत बे यात. फुकट!" फुकट ते पौष्टिक! बिभीषणने मागचापुढचा विचार न करता ते सगळं माझ्या गळी उतरवलं.

ते फॉन्ट नव्हतेच. एक दुष्ट सॉफ्टवेअर माझ्यात शिरलं होतं. ते एक रिकामी फाइल तयार करायचं, तिच्या दोन, दोनाच्या चार. न बोलावलेली माणसं पंगतीत घुसावीत आणि घरच्यांना बसायला जागा उरू नये, तसं झालं. कुठला फोटो कुठे ठेवलाय, हे मला पाठ असायचं. तेही त्या गर्दीत विसरायला लागलो. मी धापा टाकत होतो. बिभीषणला वाटलं, म्हातारपण. त्याने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि भिंतीवरचं बटण तसंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी सुरूच झालो नाही. काळा पडदा आणि त्यावर दोन पांढऱ्या ओळी, बस्स.

दुरुस्तीवाला आदिनाथ आला. "फायलींचा निस्ता चिखल झालाय," तो म्हणाला. "फॉरमॅट मारू. समदं पुसलं जाईल, पर सांजेला चालू व्हईल."

"मारून टाक," बिभीषण म्हणाला. आमदारसाहेबांचा वाढदिवस तोंडावर आला होता. मित्रांनो, त्या वेळी मला माझी फार कीव आली.

तेवढ्यात दारात वत्सलाबाई उभ्या राहिल्या. आश्रुबा गेल्या हंगामात कारखान्यावरच वारला होता.

"भाऊ, मंजुषाचं लगीन ठरलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा फोटू मांडवात ठिवायचाय. म्हातारी माणसं गेल्यावर घरचे फोटूबी संग नेले व्हते, कारखान्यावर आमच्या कोपीला, झोपडीला, आग लागली तवा समदे जळाले. आधार कार्डावर हाय एक, पर त्यात माणूसच वळखू येत न्हाई."

बिभीषणचा चेहरा उतरला. त्याने आदिनाथचा हात धरला. "थांब. वाढदिवस गेला खड्ड्यात. आधी फोटू काढ."

आदिनाथने माझी डिस्क काढून सोबत आणलेल्या आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हाती लागले तेवढे फोटो वर काढले. त्यांची नावं गेली होती, वर्षं गेली होती. बिभीषण आणि वत्सलाबाई शेजारी बसून एकेक चेहरा बघू लागले. कितीतरी माणसं आली, त्यातली कितीतरी आता नाहीत. "अगं बाई, ही बायडाबाई! किती गं चांगली व्हती," असं म्हणत त्या डोळे पुसायच्या आणि पुढे बघायच्या. पण ताठ उभ्या आश्रुबाचा एकही फोटो वाचला नव्हता.

उन्हं कलताना एकच सापडला. त्यात आश्रुबा वाकून लहानग्या मंजुषाची सुटलेली रिबन बांधत होता. टोपी घसरलेली, तोंड बाजूला आणि चक्क हसत होता.

"हा तर बिघडला व्हता, वैनी," बिभीषण ओशाळून म्हणाला. "दादा हलले, म्हणून छापलाच न्हाई. पुसायचा ऱ्हाऊन गेला. पर तुमी काळजी करू नका. मी टोपी सरळ करतो, तोंड समोर आणतो, वरून मस्त कोट घालतो."

वत्सलाबाईंनी पडद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तसाच. लेकीच्या लग्नात बापानं लेकीकडंच बघायचं असतंय."

मित्रांनो, मी आता कामाचा उरलो नाही, पण माझं एवढं ऐका. अनोळखी, फुकटची वस्तू आपल्या यंत्रात घालू नका. जे जिवाभावाचं आहे ते दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि एखादा फोटो बिघडला म्हणून लगेच पुसू नका. बिभीषणने तेवढा आळस केला नसता, तर मंजुषाच्या मांडवात बापाची जागा रिकामीच राहिली असती.