चौथ्या मशीनवरची चिठ्ठी

पाहिजे: सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सर्व्हर आणि मिडलवेअर सांभाळण्याचा दहा वर्षांचा अनुभव.

मिडलवेअर म्हणजे काय, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. दोन प्रोग्रामच्या मध्ये बसणारा दुभाषा, असं सांगितल्यावर त्यांनी ‘भाषेवर प्रभुत्व’ ही अट स्वतःच्या हाताने वाढवली.

सुधारित: शांत स्वभाव आवश्यक.

पुन्हा सुधारित: शांत स्वभावाची अट रद्द. शांत उमेदवार मुलाखतीतच झोपला.

जाहिरात लिहिणारे काका हेच जुने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मुलीचं बाळंतपण वीस तारखेला, परगावी. काकू आधीच तिकडे जाऊन राहिल्या होत्या. नवा माणूस मिळाल्याशिवाय काकांना सोडणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

आणि काकाच सगळ्यांना नापास करत होते.

ते प्रत्येकाला सर्व्हररूममध्ये नेत. चौथ्या मशीनवर चिठ्ठी होती: ‘बंद करू नये.’ हे मशीन काय करतं, एवढाच प्रश्न. एक म्हणाला पगाराचं काम, दुसरा ईमेल, तिसरा बाकी तीन मशीनवर लक्ष ठेवतं म्हणाला. अकरा उमेदवार, अकरा उत्तरं, सगळी छातीठोक.

काकूंनी फोनवर विचारलं, “अहो, मग खरं उत्तर काय?”

रेंज नाही, असं सांगून काकांनी फोन ठेवला.

अठरा तारीख. बारावी उमेदवार. मुलांपायी सहा वर्षं घरी होती, हे तिने आधीच सांगून टाकलं. मशीन पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“माहीत नाही, सर.”

काकांनी दार लावून घेतलं. “मलाही नाही.”

आधीच्या माणसाने जाताना चिठ्ठी दाखवली होती, बाकी काही नाही. तेव्हापासून, ते बंद पडेल या धास्तीने, नऊ वर्षं काकांनी मोठी रजा घेतली नव्हती. सख्ख्या भावाचं लग्नही चुकवलं होतं.

तोवर ती मशीनच्या नेटवर्क केबलवर बोट ठेवून कपाटामागे गेली होती. बाहेर आली ती केसांत जळमटं आणि हातात केबलचं मोकळं टोक घेऊन.

“सर, हे कशालाच जोडलेलं नाही.”

मशीनवरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. काका खोक्यावर बसले. म्हणाले, नोकरी तुमची.

“मग याला बंद करू?”

काकांनी घड्याळ पाहिलं.

“करा. पण आधी माझी गाडी सुटू दे.”