कवळीनं शिकवलेलं पोहणं

ब्रेकमास्तरांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं, फक्त गंमत केली होती. शुक्रवारी दुपारी त्यांनी बायकोच्या कॉम्प्युटरच्या एका बटणावर कवळी ठेवली, तीसुद्धा गंमतच.

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. त्यावर कायम यांचा पाय, म्हणून हे नाव. बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडल्यापासून दोघं एक ऑनलाइन गेम खेळू लागली होती. बायकोचा धाकटा भाऊ त्यात टोळीप्रमुख, बायको टोळीची मलमपट्टीवाली, आणि मास्तर पाकीटमार. दुसरं ते काय होणार?

रविवारी टोळी ड्रॅगनवर जायची होती. मेहुण्यानं आधीच बजावलं होतं, "ताई, मलमपट्टी नव्वदच्या वर पाहिजे. खाली असली तर मी दुसरी बाई बघतो. बहीण असलीस तरी."

त्या गेममध्ये जे करत राहाल तेच वाढतं. पट्ट्या बांधल्या की मलमपट्टी चढते, खिसे कापले की पाकीटमारी. बायकोनं दिसेल त्या जखमींच्या मागे धावत, नको म्हणणाऱ्यांनाही पट्ट्या गुंडाळत, गुरुवारी एकदाचे नव्वद ओलांडले. पोहणं मात्र शून्य. नदी आली की सगळी टोळी पलीकडे हिची वाट बघत बसायची आणि ही आपली पुलावरून वळसा घालून यायची. "आल्या का राणीसाहेब," असं मेहुणा दर वेळी म्हणायचा.

तर शुक्रवारी मास्तरांचा एक शिकाऊ आला नाही. घरात कुणी नाही. मास्तरांनी बायकोचं पात्र बंदराच्या पाण्यात उतरवलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पुढे जायच्या बटणावर तिच्याच टेबलावरची एक बाद कवळी ठेवली, प्लास्टरच्या साच्यासकट, म्हणजे चांगली जड. दातांनी बटण घट्ट धरलं. बाई भिंतीवर हातपाय मारत पोहायला लागली आणि मास्तर शीळ घालत पुढच्या शिकवणीला गेले.

संध्याकाळी बायको आली, कॉम्प्युटरसमोर बसली. मास्तर दारातून बघत होते. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"अहो, मला पोहता येतंय."

"अगं बाई. कसं काय?"

"आणि मलमपट्टी बहात्तर झाली."

हे मास्तरांच्या हिशोबात नव्हतं.

"प्रत्येकाला सगळी स्किल मिळून सातशेच पॉइंट असतात," बायको शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की मास्तरांना जास्त भीती वाटायची. "माझे सातशे भरलेत. एक चढलं की दुसरं उतरतं. कुलूप लावलेलं उतरत नाही, पण मग ते चढतही नाही. पोहणं शून्यच, त्याला कुलूप लावायचं सुचलं नाही. बाकी सगळ्यांना होतं. मलमपट्टी अजून थोडी चढवायची म्हणून तेवढी उघडी ठेवली होती."

"मग पोहणं उतरव आणि..."

"आणि काय? साध्या खरचटण्याला पट्टी बांधून आता काही चढत नाही. कुणीतरी मरायला टेकलेलं लागतं. उद्या दिवसभर." तिनं वळून त्यांच्याकडे नीट बघितलं. "आहे का कुणी ओळखीत?"

शनिवारी नाश्ता आटोपला आणि मास्तर अस्वलापुढे उभे राहिले. बायको बाहेरच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरवर, हे आत पलंगावर जुना लॅपटॉप घेऊन.

"पाकीटमारीला कुलूप लावा हं," बायको बाहेरून म्हणाली. "मार खाल्ला की सोसणं चढतं. ते चढलं की तुमचं तेवढं उतरेल."

"लावलंय, लावलंय."

अस्वलानं दोन थपडांत त्यांना आडवं केलं. पट्टी अर्धी बांधून होते तोवर मास्तर स्मशानात. तिथून जिवंत होऊन चालत परत, पुन्हा दोन थपडा, पुन्हा स्मशान.

"जरा तग धरा हो. पट्टी पुरी होऊ दे. अशी मी कधी चढणार?"

तग धरायला सोसणं हवं. आणि मास्तरांचेही सातशे भरलेले. पाकीटमारी शंभर, त्या टोळीत एवढी कुणाचीच नव्हती. मेहुण्याच्या झोपलेल्या पात्राच्या अंगावरून त्यांनी एकदा चिलखत काढलं होतं. पुढचा आठवडाभर तो गडी बनियनवर हिंडत होता. त्या शंभराकडे मास्तरांनी एकदा डोळे भरून बघितलं आणि कुलूप काढलं.

त्यानंतर जमलं. अस्वल मारायचं, हे सोसायचे, ती बांधायची. प्रत्येक थपडेला सोसणं वर, पाकीटमारी खाली.

"वा, आता कसे उभे राहताय," बायको म्हणाली. "काय केलंत?"

"सवय. तुझ्या भावाबरोबर इतकी वर्षं काढली."

चहाच्या वेळेपर्यंत तिचे नव्वद भरले. मास्तरांचे शंभराचे एकोणीस उरले होते. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि दूध आणायला म्हणून बाहेर पडले. दूध घरात होतं.

रविवारी टोळी गुहेच्या तोंडाशी जमली. "सगळ्यांनी खिसे सांभाळा, भावोजी आलेत," मेहुणा नेहमीसारखं म्हणाला. आता काहीच केलं नाही तर लोकांना संशय येणार. मास्तरांनी त्याच्या खिशात हात घातला. सगळ्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : चोर पकडला गेला.

"भावोजी, वय झालं का?" मेहुणा खूष झाला. टोळी हसत सुटली. बायको हसली नाही. तिनं मास्तरांच्या पॉइंटांचं पान उघडून बघितलं. मग टोळीला उद्देशून म्हणाली, "चला आता. ड्रॅगन वाट बघतोय."

ड्रॅगन पडला. त्यात मेहुणा तीनदा मरायला टेकला आणि तिन्ही वेळा ताईनंच वाचवला. तिसऱ्या वेळी तिनं पट्टी जरा सावकाश बांधली, असं मास्तरांना वाटलं.

खेळ संपल्यावर ती आत आली, ते बसले होते त्याच पलंगावर टेकली. "सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू अस्वलाला घरी पाठवलं असतंस."

बाहेर जाऊन तिनं आपलं पात्र त्यांच्या पात्राशेजारी आणून उभं केलं, पोतडीत ड्रॅगनचं सोनं तसंच ठेवून.

"कापा माझा खिसा. पहिल्यापासून."

मास्तरांनी हात घातला. पकडले गेले. पुन्हा घातला, पुन्हा पकडले गेले. कधीतरी एक दशांश पॉइंट चढला. तिचं पोहणं थोडं उरलं होतं. त्याला तिनं कुलूप लावलेलं मास्तरांनी बघितलं आणि त्यावर बोलायचं टाळलं.

थोड्या वेळानं बायको बाहेरून म्हणाली, "अहो, ही कवळी माझ्या गाऊनच्या खिशात कधी घातलीत?"

"मघाशी. पलंगावर."

"मला कळलंसुद्धा नाही."

"ते सातशेत धरत नाहीत," मास्तर म्हणाले आणि गेममध्ये पुन्हा पकडले गेले.