जीपला लावलेलं कुंकू

धुरपता लाखांदूरच्या एस.टी.नं आली आणि चपला काढायच्या आधीच बोलू लागली. "बाई, आनंदरावनं पेच टाकला जी."

अठ्ठ्याहत्तर साल होतं. गोकुळाष्टमी तोंडावर आली होती आणि पिंपळझरीच्या बायकांनी, म्हणजे या धुरपताच्या भजनी मंडळानं, काल्याचं कीर्तन आमच्या सत्यभामाबाईंना सांगितलं होतं. त्या गावात कीर्तनाच्या गादीवर तोवर बाई उभी राहिली नव्हती. आनंदराव देवळाचे पंच. बैठकीत ते नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, दरसाल बुवांना आणायला पक्क्या सडकेपर्यंत माझा ट्रॅक्टर जातो, यंदा जाणार नाही. हंडी वर चढायच्या आत बाई गादीवर असल्या तर कीर्तन त्यांचं. नसल्या तर गावातलेच कुणी बुवा उभे राहतील.

"बंडीनं जाऊ," मी म्हणालो.

"बैल चिखलणीनं मोडले जी. अन् पांदणीच्या वाटेत बंडी आसापर्यंत चिखलात बसते."

"मग सडकेपासून पायी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बुवानं बसून यायचं, अन् म्या लुगडं गुडघ्यावर धरून? मंग हेच म्हणतीन, पाहा, चिखलानं भरलेली बाई देवाच्या गादीवर चढून राहिली. नाही जागेश्वर. पायी नाही जाणार. आपल्या घरी गाडी आहे. चारी चाकं ओढते."

गाडी होती, हे खरं. बाईंचे यजमान तेंदूपत्त्याचे ठेकेदार. फौजेतून निघालेली जीप त्यांनी जंगलात फिरायला घेतली होती आणि मी तिचा ड्रायव्हर. मालक गेले, मी बाईंच्या मागे टाळ घेऊन उभा राहू लागलो आणि जीप आमचा मृदंग, पेटी, तंबोरा वाहू लागली. कीर्तन ऐकता ऐकता माझं अर्धं आयुष्य गेलं, याहून मोठी कमाई मला ठाऊक नाही. पण गाडीची चाकं होती अंगानं लहान, नक्षी पार गुळगुळीत. त्या चाकांनी पिंपळझरीच्या पांदणीत गेलं की गाडीचं पोट चिखलावर टेकणार आणि चाकं नुसती फिरत राहणार.

म्हणून आम्ही वरठीच्या टेकचंद मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे लिलावातले चार टायर पडून होते, रुंद, उंच, बोटभर खोल नक्षीचे. रिम तीच बसत होती. पण टेकचंदनं एक टायर जीपला लावून पाहिला आणि मान हलवली.

"बाई, सदरा मोठा आहे, पोरगं लहान आहे. वळवलं का घासते."

"मंग पोरगं मोठं कर."

त्यानं केलं. स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला, तशी गाडी चार बोटं वर उचलली गेली. वळवल्यावर चाक आतल्या बाजूनं कमानीला लागत होतं. त्यासाठी स्टिअरिंग ज्या बोल्टावर अडतं, तो बोल्ट त्यानं फिरवून पुढे आणला, म्हणजे ते लवकर अडेल. आता चाक पूर्वीइतकं वळेना, पण घासेनाही. "आता हिले वळायले मोठी जागा लागन," तो म्हणाला. मग त्यानं अंगणात दोन चकरा मारल्या. कुठं आवाज नाही. बाईंनी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी आमचा सगळा ताफा घेऊन पिंपळझरीकडे निघालो. माझ्याशेजारी बाई, मागे पेटी, तंबोरा, तिघं टाळकरी आणि मृदंगवाले गोमाजी. गोमाजी म्हणजे एकटेच दोन माणसांचे. कारध्याचा पूल ओलांडून उतारावर वळण घेतलं आणि चाकातून खर्रर्र आवाज आला. पुढे खड्ड्यात आदळलो, पुन्हा खर्रर्र. रबर जळाल्याचा वास आला. उतरून पाहिलं, तर टायरच्या खांद्यावरून साल निघाली होती.

तसेच वरठीला परतलो. टेकचंदनं सालीवर बोट फिरवलं. "जुने चाकं लावून देऊ का? हे असंच घासलं तं पांदणीत टायर फाटन. तुम्ही मधातच अडकान."

"काल का नाही घासलं?" बाईंनी विचारलं.

"काल गाडी रिकामी होती जी."

"अन् जमीन सपाट होती," बाई म्हणाल्या. "आपण रिकाम्या गाडीचा नारळ फोडला, टेकचंद. चाल, बाजूच्या बांधीवर घे. बसा रे सगळे. गोमाजी, तुम्ही पुढल्या चाकाच्या बाजूनं."

"बाई, मी का वजनाचा दगड आहो?"

"देवानं उगाच नाही दिलं एवढं शरीर. बसा."

गाडी धानाच्या बांधीच्या पाळीवर, उंच बांधावर, अशी चढवली की एक पुढचं चाक वर, दुसरं खाली. सगळे गच्च बसले. वरच्या चाकावर गाडीचं अंग पार दबून आलं. टेकचंद खाली वाकला. "आत अंधार आहे. नेमकं कुठं लागते ते दिसत नाही. अंदाजानं कापलं तं मडगार्ड वाया जाईन."

बाईंनी पूजेची डबी उघडली. तळहातावर कुंकू घेतलं, पाण्यात कालवलं आणि हात टेकचंदपुढे धरला. "टायरच्या खांद्याले लाव. जिथं लागन तिथं ठसा उठन."

टेकचंदनं आधी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर दोघं-तिघं सायकली थांबवून पाहत होते. तो हळूच म्हणाला, "बाई... तुमच्या हातचं कुंकू?"

"विधवा मी झाली रे. गाडी नाही झाली. लाव."

त्यानं लावलं. मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गोमाजींना झटके बसू लागले, तसे ते नामस्मरण करू लागले. गाडी खाली घेतली, तेव्हा मडगार्डच्या मागल्या कडेवर आतून लालभडक ठसा होता, वीतभर लांब. दुसऱ्या बाजूलाही तसाच. टेकचंदला तेवढं पुरलं. त्यानं तेवढीच कड छिन्नीनं कापली, हातोडीनं आत वळवून गोल केली आणि चाक त्याहून वर येऊ नये म्हणून चासीखाली जाड रबराचे गुटके ठोकले. पुन्हा पाळीवर चढवली, पुन्हा सगळे बसले, पुन्हा कुंकू लावलं. या वेळी ठसा कुठेच उठला नाही. आता नारळ फोडायला बाईंनी टेकचंदलाच सांगितलं.

काल्याच्या सकाळी पक्की सडक सोडली आणि पांदणीच्या तोंडाशी मी गिअर टाकून पुढची चाकंही ओढायला जोडली. दोन्ही बाजूंना रोवणीच्या बायका होत्या. त्यांनी हातातलं रोप धरून कमरा सरळ केल्या. चिखल काळा, चिकट, बंडीच्या चाकोऱ्या मांडीएवढ्या खोल. जीप डावीकडे कलली, उजवीकडे कलली, एकेक चाक पार वर दबून आलं. मी कान देऊन होतो. खर्रर्र नाही. चिखल चावत, थुंकत ती चालत राहिली. एक बाई ओरडली, "चाल माय, चाल!" ती बाईंना म्हणाली की गाडीला, मला कळलं नाही.

गावात शिरलो, तर देवळापुढे गडी हंडीचा दोर ताणत होते. देवळाकडे उजवं वळण होतं, कोपऱ्यावर विहीर. मी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. गाडी पूर्वी या वळणावर सहज फिरली असती. आता सरळ विहिरीच्या काठाकडे निघाली. ब्रेक दाबला. मागे घ्यावं, तर मागे सगळा गाव गोळा झालेला.

"बाई, वळत नाही."

विहिरीला लागून, समोर, आनंदरावांचं आवार. एक फाटक पांदणीकडे उघडं, दुसरं थेट देवळासमोर. बाईंनी पदर खोचला. "मंग सरळ घे."

"आनंदरावच्या आवारातून?"

"घे म्हणते ना. गोमाजी, मृदंग!"

मृदंग घुमला आणि जीप आवारात शिरली. कोंबड्या उडाल्या. आनंदराव ओट्यावर दात घासत होते, ते तांब्यासकट उभे राहिले. "अरे! अरे! हे का लावलं? माह्या आवारात?"

"नमस्कार जी आनंदराव," बाई चालत्या गाडीतून हात जोडून म्हणाल्या. "हिले वळायले मोठी जागा लागते. अन् गावात मोठी जागा तुमच्याच घरी."

मी रुंद वळण घेतलं, तुळशीला वळसा घातला आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडलो. हंडी अजून माणसाच्या छातीएवढीच वर आली होती. धुरपतानं दोर ओढणाऱ्यांवर हात उगारला, "थांबा रे मेल्याहो!" आणि बाई गादीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या लुगड्याला चिखलाचा एक ठिपका नव्हता.

त्या दिवशीचं निरूपण माझ्या कानात अजून आहे. प्रत्येक गोपाळाची शिदोरी वेगळी, पण काला झाला की कुणाची कोणती ते सांगता येत नाही, असं सांगता सांगता बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "माणूस रिकामा असला का मऊ असते, बापा हो. ओझं पडलं का समजते कुठं घासते. तिथं कुंकू लावून पाहावं अन् तेवढंच कापावं." बायका हसल्या. दाराशी आनंदराव उभे होते, ते हसले नाहीत; गेलेही नाहीत.

हंडी फुटली. बाईंनी काल्याचा पहिला घास नेऊन आनंदरावांपुढे धरला. काल्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी हात पुढे केला, खाल्लं, ओठ पुसले. मग म्हणाले, "झालं ते झालं. जातानी तरी आवारातून नका जाऊ. शेणसडा तुडवला सगळा."

बाई जीपमध्ये बसल्या, मांडीवर टाळ ठेवले. "काय करू जी? गाडी आता अशीच वळते."

आणि मी फाटकाकडे घेतली.