पंचवीस काय? म्हशी?

निघोजेच्या एका कारखान्यात जयसिंगसाहेब क्वालिटी बघायचे. मापापुढे 'एमएम' लिहायला कुणी विसरला की त्याची शिफ्ट संपेपर्यंत खैर नसे. मग कंपनीत कॉम्प्युटरवरची नवी मोजणी आली आणि हुकूम निघाला: प्रोग्रॅम लिहायची भाषा, जावा, शिकेल तो क्वालिटीत राहील, बाकीचे डिस्पॅचला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नाकारलेला माणूस आता खोकी चिकटवणार, हे काही साहेबांना सोसेना. रविवारी दाढीबिढी करून ते रहाटणीच्या क्लासला गेले.

फळ्यापाशी अफताब उभा.

हाच अफताब त्यांच्या हाताखाली शिकाऊ असताना एकदा नुसतंच '25' लिहून बसला होता. साहेबांनी भर शिफ्टमध्ये विचारलं होतं, "पंचवीस काय रे? एमएम की म्हशी?" तेव्हापासून पोराचं नाव 'म्हशी'च पडलं. पुढं त्यानं काम सोडलं.

"या साहेब, बसा," अफताब म्हणाला. बस, एवढंच. साहेबांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यात शेजारच्या खुर्चीवर त्यांच्याच लाइनवरची रुपाली.

"आपण टाइप करतो ते जावाला नुसती अक्षरं वाटतात," अफताबनं सांगितलं. "पार्स-इंट त्यांचा आकडा करून देतो. टाका शाफ्टचं माप, पंचवीस."

साहेबांच्या बोटांनी सवयीनं टाकलं: 25mm. स्क्रीनभर लाल ओळी.

"साहेब, नुसता आकडा टाकायचाय," रुपाली कुजबुजली.

"युनिटशिवाय? नुसतं पंचवीस काय—"

पुढचा शब्द साहेबांनी गिळला. रुपालीनं ओढणी तोंडावर धरली. त्या शिफ्टला तीही होती. अफताब मात्र हसला नाही.

"चूक साहेबांची नाही. माणूस काहीही टाकणार. प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून चूक झेलणारा कॅच लिहायचा. चुकणाऱ्याला काय सांगायचं, ते ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहा."

साहेबांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं: 'हरकत नाही. फक्त आकडा टाका.'

अफताबनं वाकून वाचलं. "मशीनमधून फार गोड बोलता, साहेब."

साहेबांचे कान तापले. रुपाली आपल्याच स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसली.

"चालवून बघा. मुद्दाम चुका."

साहेबांनी पुन्हा 25mm टाकलं. हरकत नाही, स्क्रीन म्हणाली.

"अफताब, तेव्हा मी..."

"आकडा टाका, साहेब. बाकीचे थांबलेत."

साहेबांनी 25 टाकलं. नुसतंच.